कमेंटमधली शिवी आणि कमेंटमधला पत्ता

प्रश्न केज तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्या उस्मानाबादी शेळ्या पाळतात आणि त्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर, फेसबुकवर टाकतात. काही महिन्यांपासून फोटो नसलेल्या तीन-चार आयडी प्रत्येक व्हिडिओखाली घाण लिहितात. आधी शेळ्यांवरून लिहायचे, मग ताईंच्या बोलण्यावरून, आता थेट चारित्र्यावर आलेत. उत्तर द्यावं, कमेंट उडवाव्यात की पोलिसांत जावं, हे कोण आहे ते कळेल का, आणि दीर म्हणतात चॅनेल बंद करा, ते बरोबर का, असं त्यांनी विचारलंय. आपल्या भागातल्या शेतीच्या आणि स्थानिक बातम्यांच्या चॅनेलांवरच्या कमेंट सांभाळणं हा माझा बऱ्याच वर्षांचा धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, स्क्रीनशॉट सगळे वाचले. तुम्ही ज्या कमेंटभोवती लाल गोल केलाय त्या शिव्यांच्या आहेत. वाचून अंगाची लाही होते, खरंय. पण माझी नजर दुसऱ्याच दोन कमेंटवर अडकली. एकीत लिहिलंय, "बोकड 45 किलोचा म्हणता, उगं फेकू नका, 30 च्या वर जाणार न्हाई त्यो." दुसरीत शिवी नाही की वाकडा शब्द नाही: "परवा बाजारात हिरवी साडी छान दिसत होती. लेकरू नव्हतं आणलं का?" हिला तुम्ही गोल केलेला नाही. उलट खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलंय. एवढ्या सगळ्या ढिगात मला धास्ती वाटली ती या एका कमेंटची.

शिवी द्यायला समोरच्याबद्दल काहीही माहीत असावं लागत नाही. तीच शिवी तो कीर्तनाच्या व्हिडिओखाली टाकतो, सोयाबीनच्या भावाच्या बातमीखाली टाकतो आणि तुमच्या शेळीखालीही टाकतो. साडीवाल्याचं तसं नाही. त्यानं तुम्हाला पाहिलंय, घरात लेकरू आहे हे त्याला ठाऊक आहे आणि आपण पाहतोय हे तुम्हाला कळावं अशी त्याची इच्छा आहे. म्हणून कोणतीही कमेंट आली की ती किती घाण आहे हे मी नंतर बघतो. लिहिणाऱ्याला किती माहिती आहे ते आधी बघतो. गावाचं नाव, घरी एकटं असण्याची वेळ, गाडीचा नंबर, मुलांची शाळा, मालक कुठं कामाला जातात, यातलं काही एक शब्दानं जरी आलं, तरी भाषा कितीही गोड असली तरी ती कमेंट वेगळी काढायची.

बोकडवाल्याला मात्र हात लावू नका. त्याचं बोलणं उद्धट आहे, पण शंका खरी आहे आणि ती आणखी पन्नास जणांच्या मनात असणार. बोकड काट्यावर उभा करा, आकडा दिसेल असा व्हिडिओ करा आणि त्याच्याच कमेंटखाली लिंक द्या. आपल्याकडं बोलायची तऱ्हाच रांगडी. "काय येड्यावाणी सांगायलाव" असं लिहिणारा माणूस दोन महिन्यांनी करडं विकत घ्यायला दारात उभा राहिलेला मी पाहिलाय. असल्यांना शिवीगाळ करणाऱ्यांच्या रांगेत बसवून उडवलं, तर चॅनेलवर उरतात ते नुसते "खूप छान ताई" म्हणणारे, आणि त्यांच्यातला एकही जण शेळी घेत नाही.

आता मधला गठ्ठा, म्हणजे निव्वळ घाण लिहिणारे. हे तुमच्याशी बोलत नाहीत, तुमच्या प्रेक्षकांपुढं मिरवतात. तुम्ही चिडून उत्तर दिलं की त्यांचं काम झालं, कारण उत्तरांची साखळी वाढली की ती कमेंट वर चढते आणि जास्त लोकांना दिसते. त्यांचा प्रेक्षक काढून घ्यायचा, एवढंच करायचं. तुमच्या व्हिडिओखालची जागा ही तुमची ओसरी आहे. तिथं कोणी बसायचं, कसं बोलायचं हे घरमालकीण ठरवते, आणि त्यासाठी कोणाला कारण सांगावं लागत नाही. अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा दाखला देत भांडणारे भेटतील. त्यांना स्वतःचं चॅनेल काढायची मोकळीक आहेच.

यूट्यूबवर कमेंटशेजारच्या तीन टिंबांत 'हाइड यूजर फ्रॉम चॅनेल' असा पर्याय आहे. तो दाबला की त्या आयडीच्या कमेंट बाकी कोणाला दिसत नाहीत. त्याला तशी सूचनाही जात नाही, तो आपला लिहीत बसतो. इन्स्टाग्रामवर 2019 पासून 'रिस्ट्रिक्ट' आहे, त्याचंही काम असंच. फेसबुकवर मात्र जपून. तिथं कमेंट 'हाइड' केली तरी ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रयादीतल्या लोकांना दिसतच राहते. मुंबईत हे चालून जाईल. आपल्याकडं त्याच्या मित्रयादीत निम्मं गाव असतं, तुमच्या नणंदेपासून दूध डेअरीवाल्यापर्यंत. म्हणून फेसबुकवर नोंद करून ठेवायची आणि मग कमेंट सरळ काढून आयडी पेजवरून बॅन करायची.

शब्दांची चाळणी लावता येते, त्यात 'ब्लॉक्ड वर्ड्स'ची यादी भरायची असते. कंपन्यांची आपोआप चालणारी चाळणी मराठी शिव्यांपुढं फारशी टिकत नाही, आणि आपल्याकडच्या शिव्यांपुढं तर नाहीच. तेव्हा यादी स्वतः करा. एकेक शिवी देवनागरीत, इंग्रजी अक्षरांत, मधे टिंब किंवा फुली टाकून, शेवटचा स्वर लांबवून, अशा जेवढ्या रूपांत आली असेल तेवढ्या रूपांत भरा. जुन्या कमेंटमधूनच उचला, लोक स्पेलिंगमध्ये फार कल्पकता दाखवत नाहीत. यादी लिहिताना आपल्यालाच लाज वाटते. मग हे काम घरातल्या एखाद्या भाच्याकडं देऊन बघा, तो हसत-हसत अर्ध्या तासात करील. फक्त एक ध्यानात ठेवा, 'बोकड', 'गाभण', 'माजावर' असले शब्द यादीत गेले तर तुमचा धंदाच चाळणीत अडकेल. एका पशुखाद्याच्या चॅनेलवर हे झालेलं, गिऱ्हाइकांचे प्रश्न आठवडाभर अडकून पडले होते.

व्हिडिओ टाकायची वेळही बदला. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी 2017 मध्ये एक प्रयोग मांडला होता. साध्या-साध्या लोकांना एका लेखाखाली कमेंट लिहायला लावलं. मूड ठीक आणि वरच्या कमेंट सभ्य असल्या तर सुमारे 35 टक्के कमेंट खोडसाळ निघाल्या. मूड बिघडवला आणि वर आधीच घाण ठेवली तर तो आकडा 68 टक्क्यांपर्यंत गेला. माणसं तसलीच, मूड आणि वरच्या कमेंट वेगळ्या. म्हणून पहिला तास महत्त्वाचा. संध्याकाळी धारा काढायच्या वेळेला व्हिडिओ टाकून फोन खुंटीला अडकवून ठेवू नका. तासभर निवांत मिळेल तेव्हा टाका, पहिल्या प्रश्नांना उत्तरं द्या, तुमची स्वतःची एक कामाची कमेंट पिन करा. एवढ्यानं निम्मा कचरा येतच नाही.

"निनावीपणच बंद केलं पाहिजे, आधार जोडा" असं तुमचे दीर म्हणतात. पारावर हेच ऐकू येतं. दक्षिण कोरियानं हे करून बघितलंय. 2007 मध्ये मोठ्या वेबसाइटींवर खरं नाव पडताळूनच कमेंट करायची सक्ती आणली, आणि 2012 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ती रद्द केली. आणि कोरियापर्यंत जायची तरी गरज काय? आपल्या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत आडनाव बघून एकमेकांच्या जातीवर जे लिहिलं गेलं, त्यातलं कितीतरी स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोनिशी, गाडीवर हात ठेवून काढलेल्या फोटोनिशी लिहिलेलं होतं. 2025 मध्ये बीड पोलिसांना नावपट्ट्यांवरून आडनावं काढून नुसती पहिली नावं ठेवावी लागली, यावरून काय ते समजा. चेहरा झाकलेला नसला म्हणून माणूस जपून बोलतोच असं नाही.

निनावी लिहिणं आपल्याकडं मोबाइलसोबत आलेलं नाही. मास्तरच्या, ग्रामसेवकाच्या विरोधात जिल्हा परिषदेला निनावी अर्ज टाकायची परंपरा जुनी आहे, खाली 'एक त्रस्त नागरिक' अशी सही. केंद्रीय दक्षता आयोगानं 1999 मध्ये असल्या अर्जांवर कारवाई करू नका असं परिपत्रकच काढलं. त्यांतले बरेच अर्ज सूडाचे होते. पण काही खरेही होते, आणि नाव लिहिलं असतं तर लिहिणाऱ्याचं गावात राहणं अवघड झालं असतं. तुमच्याच चॅनेलवर बघा. 'शेळीचं कर्ज नवऱ्याला न सांगता काढता येतं का' असं विचारणारी बाई बिननावाचीच येणार. आणि एक तांत्रिक गोष्ट: '@यूजर' आणि पुढं अक्षरं-आकडे अशी जी नावं दिसतात, ती सगळी लपलेल्या लोकांची नसतात. 2022 च्या अखेरीपासून यूट्यूबनं सगळ्यांना हँडल दिलं. ज्यांनी स्वतः निवडलं नाही अशा कितीतरी जणांना कंपनीनं आपोआप असलं नाव चिकटवलं. त्यांतले अनेक साधे शेतकरी आहेत. म्हणून सगळ्याच बिननावी आयडी सरसकट बंद करू नका.

पैठणच्या नाथांची गोष्टही तुम्हाला घरातून ऐकवली गेली असेल. गोदावरीतून अंघोळ करून येताना एक जण पुन्हा पुन्हा अंगावर थुंकला, नाथ पुन्हा पुन्हा अंघोळीला गेले, शेवटी तोच पाया पडला. सहन करा, म्हणजे शेवटी तो शरमेल, असं यातून बायकांना सांगितलं जातं. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. त्या गोष्टीत थुंकणारा समोर उभा होता, नाथांचा चेहरा त्याला दिसत होता, म्हणून कधीतरी त्याला लाज वाटली. इथं तुमचा चेहरा त्याला दिसत नाही, तुम्ही रडलात की हसलात हे त्याला कळतही नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 च्या लेखात हेच मांडलं, की समोरच्याचे डोळे दिसत नसले आणि आपलं नाव लागत नसलं की माणसाची जीभ सैल सुटते. शरम वाटायला जे लागतं तेच इथं नाही, मग सहन करून तो सुधारेल कशानं?

पोलिसांचं बघू. साडीवाली कमेंट आणि तशाच आणखी दोन मला दिसल्या, त्यांच्यासाठी अर्ज द्या. नुसत्या शिव्यांसाठीही देता येतो, पण तुमची ताकद आधी इथं लावा. आधी पुरावा, मग बाकीचं. कमेंटचा स्क्रीनशॉट कापून-छाटून नको. वर व्हिडिओचं नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे. त्या आयडीच्या पानावर जाऊन त्याची लिंक कॉपी करा, कारण नाव आणि फोटो तो उद्या बदलेल. जमलं तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा, व्हिडिओ उघडण्यापासून कमेंटवर बोट नेईपर्यंत सलग. हे सगळं झाल्यावरच कमेंट लपवा. ज्या फोनवर हे केलं तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग फोन वापरणाऱ्यानं भरायचा असतो आणि दुसरा तज्ज्ञानं. झेरॉक्सच्या दुकानात काढलेल्या रंगीत प्रिंटवर भागत नाही.

अर्जात काय लिहायचं? 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बाईला नको असताना पुन्हा पुन्हा संपर्क करणं, तिच्या इंटरनेटवरच्या वावरावर पाळत ठेवणं हे कलम 78 मध्ये येतं. बाईचा विनयभंग होईल असे शब्द, हावभाव यांना कलम 79 आहे. धमकी असेल तर 351, आणि त्याच्या चौथ्या पोटकलमात नाव लपवून दिलेल्या धमकीला दोन वर्षांपर्यंत जादा शिक्षा सांगितली आहे. तुमच्या फोटोनं खोटं खातं काढलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 क, अश्लील मजकूर टाकला तर 67. कोणी टायपिंगवाला जुन्या नमुन्यातून 66 अ घालून देईल, ते खोडायला सांगा. ते कलम सर्वोच्च न्यायालयानं श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 रोजीच रद्द केलंय, तरी अर्जांतून ते जाता जात नाही.

कलम 78 मध्ये बाईनं नाराजी स्पष्ट दाखवलेली असणं महत्त्वाचं आहे. म्हणून ते हात जोडल्याचं चिन्ह काढा आणि त्या आयडीला एकदाच लिहा: "माझ्याबद्दल किंवा माझ्या घरच्यांबद्दल लिहू नका, मला संपर्क करू नका." एकच वाक्य, रागाचा शब्द नको. त्याचाही स्क्रीनशॉट ठेवा. त्यानंतर त्याला अवाक्षर लिहायचं नाही.

केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिलांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे, घरबसल्या तक्रार टाकता येते. 1930 हा क्रमांक मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, तुमच्या कामाला पोर्टलच बरं. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जाता येतं, पण तुमच्या जवळच्या ठाण्यातही अर्ज घ्यावाच लागतो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, म्हणून "साहेब आल्यावर या" असं ऐकावं लागेल. जा, पण अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. सोबत मालक आले तर चांगलं, एखादी शिकलेली मैत्रीण आली तर आणखी चांगलं. ठाण्यात पुरुष बोलायला लागले की बाईची तक्रार बाजूलाच राहते.

कोण आहे ते कळतं का? पोलिसांना कळू शकतं. ते कंपनीला नोटीस देतात, कंपनी त्या खात्याला जोडलेला ईमेल, फोन नंबर, लॉगिनच्या वेळा आणि आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीचा क्रमांक, देते. मग मोबाइल कंपनी तो आयपी त्या वेळेला कोणाकडं होता ते सांगते. अडचण अशी, की मोबाइलच्या इंटरनेटवर एकच आयपी एका वेळी शेकडो लोक वापरत असतात, म्हणून वेळ काटेकोर लागते, आणि म्हणूनच वर तारखेचा एवढा आग्रह धरला. यालाही मुदत आहे. खातं बंद झालं तरी कंपनीनं नोंदणीची माहिती 180 दिवस ठेवायची असा 2021 च्या नियमांत दंडक आहे. त्यापुढं गेलात तर हाती काही लागेलच असं नाही. साध्या शिवीसाठी परदेशी कंपनी माहिती देईल, अशी आशा फार धरू नका. पाठलाग आणि धमकी असली तर देण्याची शक्यता जास्त. आणि "दोन हजार द्या, आयपी काढून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका. त्याला ते काढता येत नाही, तुमचा पासवर्ड मात्र तो घेऊन जाईल.

बदनामीची फिर्याद करावी असं वकील सुचवतील. ती थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं करावी लागते, तारखा तुमच्या आणि आरोपी बिननावाचा. मी तरी त्या वाटेला जाऊ नका म्हणेन.

दिरांचं म्हणणं. चॅनेल बंद केलं तर शिवी देणारा जिंकला वगैरे मी म्हणणार नाही, तो तुमच्या घरचा निर्णय आहे. पण साडीवाल्यानं तुम्हाला चॅनेलवर नव्हे, बाजारात पाहिलंय. चॅनेल बंद झालं तरी बाजार चालूच राहणार. चॅनेल चालू ठेवून काही गोष्टी मात्र लगेच बदला. व्हिडिओत घराची पाटी, रस्ता, लेकराचा गणवेश दिसू देऊ नका. बाजाराला निघताना नव्हे, परत आल्यावर सांगा. विक्रीसाठी वेगळं सिम घ्या, घरचा नंबर माहितीतून काढा. आणि या कमेंट सासूबाईंना तुम्ही स्वतः दाखवा, आजच. शेजारणीच्या मोबाइलवर त्यांना त्या दिसल्या की बोलणं वेगळ्या दिशेनं जातं. घरात आधी माहीत असलं की शिवी देणाऱ्याच्या हातातलं निम्मं बळ जातं, कारण त्याला तुमच्या घरातच वाद लावायचा असतो.

शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाही पण लागेल. आपल्या भागात असली आयडी उघडी पडली की बहुतेक वेळा मागं ओळखीचाच माणूस निघतो: भावकीतला कोणी, बांधावरून बिनसलेला शेजारी, नाहीतर तसलंच चॅनेल चालवणारा दुसरा. कधी दहावीतलं पोरगंही निघतं. त्याचं नाव व्हिडिओत घेऊ नका, गावच्या ग्रुपवर टाकू नका. उलट तुमच्यावरच बदनामीची तक्रार होईल, आणि नाव चुकलं असलं तर भलत्याच्याच घरावर माणसं चालून जातील. "बसून मिटवू" असा निरोप येईल. पोरगं असलं तर त्याच्या आई-वडिलांना ठाण्यात बोलावून समज द्यायला सांगा, तेवढं बहुतेकदा पुरतं. मोठा माणूस असला आणि मिटवायचंच ठरलं तर तेही ठाण्यातच, लेखी, त्याच्या सहीनिशी. आयडी त्यानं तुमच्यासमोर उघडून दाखवावी, पण तपास अधिकाऱ्याची परवानगी मिळेपर्यंत ती बंद करू देऊ नका.